परांजपे, शकुंतला

परांजपे, शकुंतला रघुनाथ : (१७ जानेवारी १९०६ – ३ मे २०००). मराठी चित्रपट-अभिनेत्री, लेखिका, महाराष्ट्रातील संततिनियमनाच्या चळवळीतील एक आद्य कार्यकर्त्या आणि विधान परिषद व राज्यसभा यांच्या माजी सदस्या. चित्रपटसृष्टीत त्यांनी फार थोडी कामे केली. परंतु त्यांपैकी एक, म्हणजे कुंकू (१९३७) या चित्रपटातील सुशीलेची भूमिका, भारतीय चित्रपटाच्या इतिहासात स्थान मिळवून राहिली. पुढील वर्षापासून त्यांनी संततिनियमनाच्या प्रचाराचे कार्य हाती घेतले व ते आयुष्याचा मोठा भाग चालविले.

प्रसिद्ध गणितज्ञ व शिक्षणतज्ञ रघुनाथ पुरुषोत्तम (रँग्लर) परांजपे यांच्या त्या कन्या. रँग्लर परांजपे हे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित ट्रायपॉस परीक्षेत ‘सीनियर रँग्लर’ ठरलेले पहिले भारतीय होत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे ते १९०२ पासून दोन दशकांहून अधिक काळ प्राचार्य होते. धर्म, रूढी व ग्रंथप्रामाण्य यांविषयी त्यांची भूमिका कठोर बुद्धिवादाची होती. महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे आप्त. रँग्लरांच्या शिक्षणाला त्यांचे मोठे साहाय्य झाले होते. विधवेशी पुनर्विवाह केल्याबद्दल महर्षी कर्वे यांना १८९३ नंतर मुरूड येथे बहिष्कार सोसावा लागला. समाजाचा रोष ओढवून घेणे ही या घराण्यात नवलाची गोष्ट राहिलेली नव्हती. अशा घरात वाढलेल्या मुलीला बंडखोरीचे बाळकडू मिळाले असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण येथे बंडापेक्षा एका विशिष्ट सवयीचा वारसा अधिक महत्त्वाचा दिसतो. कोणत्याही प्रश्नाचा विचार संकोच बाजूला ठेवून, हिशेबाने व पुराव्याने करावयाचा, ही ती सवय होय.

शकुंतलाबाईंचे उच्च शिक्षण केंब्रिज विद्यापीठाच्या न्यूनम महाविद्यालयात झाले. वडिलांप्रमाणेच त्यांनी गणित ट्रायपॉसचा अभ्यासक्रम निवडला व तो १९२९ मध्ये पूर्ण केला. याच महाविद्यालयाच्या फिलिपा फॉसेट यांनी १८९० मध्ये सीनियर रँग्लरपेक्षाही अधिक गुण मिळविले होते. परंतु स्त्री असल्यामुळे त्यांना तो किताब मिळू शकला नाही. शकुंतलाबाईंच्या वेळीही परिस्थिती फारशी बदललेली नव्हती. स्त्रियांना केंब्रिजमध्ये शिकता येई, परीक्षा देता येई. मात्र विद्यापीठाच्या पूर्ण पदवीचा अधिकार त्यांना १९४८ मध्येच मिळाला. पुढील वर्षी लंडन येथे त्यांनी शिक्षणशास्त्राची पदविका संपादन केली. त्यानंतर काही काळ त्या जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत नोकरीस होत्या. यूरोपातील वास्तव्यानंतर यूरा स्लेप्टझॉफ या रशियन चित्रकाराशी त्यांचा विवाह झाला. तो फार काळ टिकला नाही. या विवाहातून १९३८ मध्ये जन्मलेली कन्या म्हणजे पुढे नाटककार व चित्रपट-दिग्दर्शिका म्हणून ख्यातनाम झालेल्या सई परांजपे. मुलीचे संगोपन शकुंतलाबाईंनी एकटीने, वडिलांच्या घरी राहून केले. घटस्फोट हा शब्दही मध्यमवर्गीय घरांत दबल्या आवाजात उच्चारला जाण्याचा तो काळ होता.

भारतात परतल्यावर त्यांनी नाट्यलेखन व चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत प्रवेश केला. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातील स्त्रीने चित्रपटात काम करणे १९३०–४० या दशकातही सहज मानले जात नव्हते. दुर्गा खोटे यांच्या पदार्पणामुळे ही कोंडी थोडीशी फुटली होती. पुण्यात १९३३ पासून स्थिरावलेल्या प्रभात फिल्म कंपनीने पौराणिक कथांबरोबरच सामाजिक प्रश्नांवरील चित्रपट काढण्यास सुरुवात केली, तेव्हा तिला शिकलेल्या, स्पष्ट बोलणाऱ्या व पडद्यावर तशाच दिसणाऱ्या नटीची गरज होती. व्ही. शांताराम दिग्दर्शित कुंकू या चित्रपटात शकुंतलाबाईंना घेतले गेले, ते या गरजेपोटीच होय.

कुंकू (हिंदी आवृत्ती दुनिया न माने) हा चित्रपट ना. ह. आपटे यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवर आधारलेला आहे. जरठ-कुमारी विवाहाचा हा विषय मराठी प्रेक्षकांना नवा नव्हता, गो. ब. देवल यांच्या संगीत शारदा (१८९९) या नाटकाने तो घरोघरी पोहोचविला होता. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले, तरी वराच्या वयावर त्यात कोणतीही वरची मर्यादा नव्हती. नाटकातली शारदा सोशिक आहे. चित्रपटातली नीरा मात्र लग्न लागल्यानंतर वृद्ध पतीला पती मानण्यास सरळ नकार देते. शांता आपटे यांनी ही नायिका रंगविली, तर केशवराव दाते यांनी विधुर वकील काकासाहेबांची भूमिका केली. पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य करून केवळ प्रसंगातील स्वाभाविक आवाजांवर चित्रपट उभा करण्याचा प्रयोग येथे करण्यात आला. काकासाहेबांच्या खोलीतील घड्याळाची टिकटिक हा त्यांच्या उतारवयाचा सतत ऐकू येणारा हिशेब आहे.

शकुंतलाबाईंनी साकारलेली सुशीला ही काकासाहेबांची मुलगी. शिकलेली, समाजकार्यात गुंतलेली आणि वयाने सावत्र आईहून फारशी वेगळी नसलेली. ती घरी येते, वडिलांचा दुसरा विवाह पाहते आणि नीरेची बाजू घेते. भूमिका लांबीने लहान आहे. परंतु नीरेच्या नकाराला घरातील दुसऱ्या एका स्त्रीचे, तेही मुलीच्या नात्याने पुरुषाच्या बाजूला उभी राहू शकली असती अशा स्त्रीचे, समर्थन मिळते ही गोष्ट कथेच्या दृष्टीने मोलाची आहे. शकुंतलाबाईंच्या अभिनयात नाटकी आवेश नाही. वादविवादात सवयीने बोलणाऱ्या व्यक्तीचा सूर त्यात आहे, आणि तो त्यांच्या पुढील सार्वजनिक जीवनातही तसाच राहिला.

चित्रपटाचा शेवट लक्षात घेण्याजोगा आहे. पश्चात्ताप झालेले काकासाहेब नीरेला कन्येसमान मानून पुनर्विवाहास मोकळीक देतात आणि आत्महत्या करतात. म्हणजे नीरेला मिळणारे स्वातंत्र्य अखेर एका पुरुषाच्या औदार्याने व मृत्यूने मिळते. शिवाय नीरेसारखा नकार देणे किती स्त्रियांना शक्य होते? ज्या घरात नवरा म्हातारा नाही, दुष्ट नाही, केवळ रीतीप्रमाणे संसार चालला आहे आणि दर दीड-दोन वर्षांनी बाळंतपण येत आहे, तेथील स्त्रीच्या प्रश्नाला कुंकूमध्ये उत्तर नाही. चित्रपटाने जेथे हा प्रश्न सोडला, तेथूनच शकुंतलाबाईंचे कार्य सुरू झाले असे म्हणता येईल.

याच चित्रपटाच्या नायिकेने हक्काचा वेगळा लढा दिला. करारासंबंधीच्या वादातून शांता आपटे यांनी १९३९ मध्ये प्रभातच्या दाराशी उपोषण केले व १९४० मध्ये जाऊ मी सिनेमात? हे पुस्तक लिहून चित्रपटधंद्यातील कलावंतांच्या स्थितीवर टीका केली. एकाच चित्रपटातील दोन अभिनेत्री दोन वर्षांच्या आत पडद्याबाहेरच्या दोन निरनिराळ्या झगड्यांत उतरल्या, ही त्या काळाची खूण मानावयास हरकत नाही. शांताबाईंचा झगडा स्वतःच्या व्यवसायातील होता. शकुंतलाबाईंनी मात्र जो विषय घेतला त्याचा उच्चारही सभ्य समाजात होत नसे.

या विषयाला महाराष्ट्रात वाचा फोडणारे रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) हे महर्षी कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र. तेही गणिताचेच प्राध्यापक. पॅरिस येथील वास्तव्यानंतर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले ते याच वर्षी. अमेरिकेत मार्गारेट सँगर यांचे ब्रुकलिनमधील केंद्र १९१६ मध्ये निघाले आणि काही दिवसांतच पोलिसांनी ते बंद पाडले होते. कर्वे यांच्यावर तशी कारवाई झाली नाही, पण विल्सन महाविद्यालयातील नोकरी त्यांना गमवावी लागली. त्यानंतर समाजस्वास्थ्य हे मासिक जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी जवळजवळ एकट्याच्या बळावर चालविले. त्यातील मजकुराबद्दल अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. भीमराव आंबेडकर त्यांचे वकील होते. संततिप्रतिबंधक साधने पुरविण्यासाठी कर्वे ‘राइट एजन्सी’ या नावाने व्यवसायही करीत. त्यांचा वाचकवर्ग मुख्यत्वे शिकलेल्या पुरुषांचा होता. स्त्रियांशी, त्यातही न शिकलेल्या स्त्रियांशी, या विषयावर समोरासमोर बोलणे पुरुष प्रचारकाला अशक्यप्राय होते. शकुंतलाबाई रघुनाथरावांच्या विचारांच्या सहप्रवासी होत्या आणि चळवळीतील ही उणीव भरून काढण्यास त्या सर्व दृष्टींनी योग्य होत्या.

त्यांच्या कार्याचा आरंभ १९३८ मध्ये झाला. या वर्षाला आणखीही एक संदर्भ आहे. त्याच वर्षी १० नोव्हेंबर रोजी मुंबई विधानसभेत डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या साधनांचा प्रसार सरकारने करावा असा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. त्याच्या सुमारे तीन वर्षे आधी, १९३५ च्या अखेरीस, मार्गारेट सँगर भारतात आल्या होत्या. वर्धा येथे त्यांची महात्मा गांधींशी दीर्घ चर्चा झाली. कृत्रिम साधनांना गांधीजींचा विरोध अखेरपर्यंत कायम राहिला. संयम हाच त्यांच्या मते एकमेव मार्ग होता. त्रिवेंद्रम येथील अखिल भारतीय महिला परिषदेने मात्र सँगर यांच्या भूमिकेला पाठिंबा दिला. काँग्रेसमधील गांधीवादी, सनातनी आणि ख्रिस्ती धर्मसंस्था यांचा एकत्रित विरोध एकीकडे व विरळ पसरलेले बुद्धिवादी कार्यकर्ते दुसरीकडे, अशी त्या वेळची मांडणी होती.

विरोध नैतिक भूमिकेतून होत असला, तरी वस्तुस्थिती आकड्यांत दिसत होती. भारतीय वैद्यकीय सेवेचे महासंचालक सर जॉन मेगॉ यांनी १९३३ च्या सुमारास केलेल्या पाहणीवरून देशात दरवर्षी सुमारे २,००,००० स्त्रिया बाळंतपणात वा त्यामुळे उद्भवलेल्या विकारांनी मृत्यू पावतात असा अंदाज बांधण्यात आला होता. संततिनियमनाच्या प्रश्नाकडे पुढे प्रामुख्याने लोकसंख्येच्या दृष्टीने पाहिले गेले. आरंभीच्या कार्यकर्त्यांना तो आधी बाळंतिणीच्या जीविताचा प्रश्न वाटत होता, हे विसरता येत नाही.

त्या काळी उपलब्ध असलेली साधने मोजकी व अवघड होती. पुरुषांसाठी रबरी निरोध. स्त्रियांसाठी गर्भाशयमुखावर बसवावयाची रबरी टोपी अथवा पडदा, त्यासोबत वापरावयाचा रासायनिक लेप, फेस येणारी पूड व औषधात भिजविलेला स्पंज. रबरी पडदा बसविण्यापूर्वी जाणकार व्यक्तीने माप घेणे आवश्यक असे. वापरल्यावर तो धुऊन, पुसून, सुरक्षित जागी ठेवावा लागे. स्वतंत्र खोली, न्हाणीघर व पुरेसे पाणी ज्यांच्या घरी आहे त्यांनाच हे जमण्यासारखे होते. एकत्र कुटुंबात किंवा चाळीच्या एका खोलीत सासूच्या नजरेआड अशी वस्तू ठेवणे हाच मोठा प्रश्न होता. किंमतही परवडणारी नसे. त्यामुळे साधन देणे हे कामाचा लहान भाग व स्त्रीला, तिच्या नवऱ्याला आणि पुष्कळदा सासूला पटविणे हा मोठा भाग असे. असे काम भाषणांनी होत नाही. ते घरोघरी, एकेका व्यक्तीशी बोलून आणि शारीरिक बाबींची नावे न लाजता घेऊनच करावे लागते. शकुंतलाबाईंचा स्वभाव परखड व विनोदी होता. लोकांना धक्का बसला तरी त्यांना त्याची खंत वाटत नसे. या कार्यात हे दोन्ही गुण उपयोगी पडले.

चित्रपटाशी त्यांचा संबंध या काळातही पूर्णपणे तुटला नव्हता. बाबूराव पेंटर व शांताराम यांच्या लोकशाहीर रामजोशी (१९४७) या गाजलेल्या चित्रपटात जयराम शिलेदार व हंसा वाडकर यांच्याबरोबर त्यांनी काम केले. वडील १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त होते. तेथील वास्तव्यावर शकुंतलाबाईंनी थ्री इयर्स इन ऑस्ट्रेलिया हे इंग्रजी पुस्तक लिहिले.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. मुंबईत १९४९ मध्ये धन्वंती रामा राव यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कुटुंबनियोजन संघटना स्थापन झाली. १९५२ मध्ये मुंबईतच आंतरराष्ट्रीय परिषद भरून जागतिक संघटनेचा पाया घातला गेला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत या कामासाठी ६५ लाख रुपयांची तरतूद झाली. कुटुंबनियोजन हा सरकारी धोरणाचा भाग करणारा भारत हा जगातील पहिला देश होय. तरीही केंद्रीय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या गांधीवादी असल्यामुळे आरंभी भर ‘सुरक्षित काळ’ पाळण्याच्या पद्धतीवर राहिला. अमेरिकन तज्ञ डॉ. एब्रहॅम स्टोन यांच्या सल्ल्याने दिवस मोजण्यासाठी स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्याचा प्रयोग झाला. तो यशस्वी झाला नाही. १९५१ ते १९६१ या दशकात देशाची लोकसंख्या ३६.१ कोटींवरून ४३.९ कोटींवर गेली, तेव्हा संयमाची भाषा मागे पडून निकडीची भाषा सुरू झाली.

याच संधिकाळात, १९५८ मध्ये, शकुंतलाबाई विधान परिषदेच्या सदस्या झाल्या व १९६४ पर्यंत त्या पदावर होत्या. प्रारंभी हे द्विभाषिक मुंबई राज्याचे सभागृह होते. १ मे १९६० पासून ते महाराष्ट्राचे झाले. राज्याचा भूगोलही बदलला होता. हैदराबाद संस्थानातील मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्याला जोडला गेला होता. मुंबई-पुण्यात तीस वर्षे चाललेल्या वादविवादांचा या भागाला स्पर्शही झाला नव्हता. त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यात व १९८१ पासून जालना जिल्ह्यात असलेल्या टेंभुर्णीसारख्या गावांत समाजस्वास्थ्यचा अंक पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता; तेथे हा विषय प्रथम पोहोचला तो सरकारी आरोग्ययंत्रणेमार्फत. कार्यकर्त्याने पटवून सांगण्याच्या टप्प्यावरून शासनाने उद्दिष्ट ठरवून देण्याच्या टप्प्यावर चळवळ अशी एकदम गेली. मधला टप्पा, म्हणजे समाजात मोकळी चर्चा होण्याचा, राज्याच्या फार मोठ्या भागाच्या वाट्याला आलाच नाही.

१९६४ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. ही मुदत १९७० मध्ये संपली. कुटुंबनियोजनाच्या कार्याचा गौरव म्हणून झालेली ही नियुक्ती होती. नर्गिस दत्त यांना १९८० मध्ये राज्यसभेवर घेण्यात आले, तेव्हा चित्रपट-अभिनेत्रीला मिळालेला हा पहिला मान असे सर्वत्र म्हटले गेले. सोळा वर्षे आधी कुंकूमधील सुशीला त्याच सभागृहात बसली होती याची आठवण फारशी कोणी केली नाही. अर्थात ती अभिनेत्री म्हणून तेथे गेली नव्हती, हेही खरे.

राज्यसभेतील त्यांच्या कारकीर्दीचा एक भाग आज अस्वस्थ करणारा आहे. संततीच्या दृष्टीने ‘अयोग्य’ मानलेल्या व्यक्तींच्या निर्बीजीकरणासंबंधीचे अशासकीय विधेयक त्यांनी १९६४ मध्ये मांडले. ते संमत झाले नाही. या कल्पनेचा उगम सुप्रजाननशास्त्रात होता. अमेरिकेत इंडियाना राज्याने १९०७ मध्ये असा पहिला कायदा केला आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये सक्तीच्या निर्बीजीकरणाला मान्यता दिली. जर्मनीत १९३३ च्या कायद्याने हीच कल्पना भयानक टोकास नेली. तरी सँगर व स्टोप्स यांच्यासह संततिनियमनाचे बहुतेक आद्य प्रवर्तक सुप्रजाननवादाच्या छायेत वावरत होते. विज्ञानाच्या नावाने ज्याचे समर्थन होते ते पुरोगामीच असले पाहिजे, हा त्या पिढीतील बुद्धिवाद्यांचा सर्वसाधारण समज होता. शकुंतलाबाई त्याला अपवाद ठरल्या नाहीत. स्त्रीने आपल्या शरीराविषयी स्वतः निर्णय घ्यावा यासाठी ज्यांनी पंचवीस वर्षे काम केले, त्यांनीच काही व्यक्तींच्या बाबतीत हा निर्णय कायद्याच्या हाती द्यावा असे सुचवावे, यातील विसंगती उघड आहे. त्यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना ती झाकून ठेवण्याचे कारण नाही.

या विसंगतीचे परिणाम देशाने बारा वर्षांनी पाहिले. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, भारतात ८० लाखांहून अधिक निर्बीजीकरण शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी पुष्कळ धाकाने वा सक्तीने. महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये कुटुंबाच्या आकारावर सक्तीची मर्यादा घालणारे विधेयक संमतही केले. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते अमलात आले नाही. १९७७ च्या सत्तांतरानंतर ‘कुटुंबनियोजन’ हे नावच बदलून ‘कुटुंबकल्याण’ करण्यात आले. या सक्तीचा दोष शकुंतलाबाईंच्या पिढीवर टाकणे अन्यायाचे होईल, कारण त्यांच्या कार्याचा मुख्य प्रवाह पटवून देण्याचा होता. मात्र शासनाच्या हाती सक्ती देण्याची वैचारिक तयारी कोठून झाली याचा शोध घेताना त्यांचे विधेयक दृष्टीआड करता येत नाही. स्त्रियांच्या निर्णयस्वातंत्र्याच्या दृष्टीने अधिक टिकाऊ ठरलेला कायदा दुसरा होता. शांतिलाल शहा समितीच्या १९६६ च्या अहवालावरून तयार झालेला वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये संमत झाला व १९७२ पासून अमलात आला.

अभिनेत्रीने सार्वजनिक कार्यात उतरण्याची उदाहरणे इतरत्रही आढळतात. अमेरिकेत रंगभूमीवरील नामवंत नटी हेलन गॅहॅगन डग्लस (१९००–८०) यांनी एका चित्रपटानंतर पडदा सोडला. १९४५ ते १९५१ या काळात त्या प्रतिनिधिगृहाच्या सदस्या होत्या. १९५० च्या सिनेट निवडणुकीत त्यांना रिचर्ड निक्सन यांच्याकडून पराभव पतकरावा लागला. पुढील पिढीतील जेन फाँडा यांनी व्हिएटनाम युद्धाला विरोध करताना १९७२ मध्ये हानोईला भेट दिली आणि देशभर रोष ओढवून घेतला. या दोघींच्या शब्दाला वजन आले ते मुख्यत्वे नटी म्हणून मिळालेल्या प्रसिद्धीमुळे, आणि त्यांच्यावरील हल्ल्यांतही नटी असण्याचाच उपयोग शस्त्र म्हणून झाला. शकुंतलाबाईंची गोष्ट वेगळी आहे. चित्रपटातील त्यांची कीर्ती पुढील कार्याचे भांडवल व्हावे इतकी मोठी नव्हती. तसा उपयोग त्यांनी करून घेतल्याचेही दिसत नाही. पडद्यावरचे काम, नाटक, विनोदी लेख आणि संततिनियमनाचा प्रचार ही त्यांच्या लेखी एकाच स्वभावाची निरनिराळी कामे होती.

लेखिका म्हणूनही त्यांचा परिचय करून देणे आवश्यक आहे. मराठीत त्यांनी कादंबरी, नाटके, ललित लेख व मुलांसाठी कथा लिहिल्या. घराचा मालक ही कादंबरी, चढाओढ व पांघरलेली कातडी ही नाटके, भिल्लिणीची बोरे आणि काही आंबट काही गोड (१९७९) हे लेखसंग्रह उल्लेखनीय आहेत. सेन्स अँड नॉन्सेन्स (१९७०) हा त्यांच्या इंग्रजी लेखांचा संग्रह. त्यांचे विनोदी लेखन प्रसन्न आहे; नाटके मात्र त्या काळातील प्रहसनांच्या पलीकडे फारशी जात नाहीत. वाक्ये आखूड, उपरोध कोरडा आणि स्वतःचीच फजिती सांगण्याची हौस, ही त्यांच्या गद्याची वैशिष्ट्ये होत. सई परांजपे यांच्या स्पर्श, चश्मेबद्दूर व कथा या चित्रपटांतील संवादांत या गद्याचा अंश उतरला आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शकुंतलाबाईंच्या एका मराठी बालकथेवरून तयार झालेला ये है चक्कड बक्कड बूम्बे बो हा हिंदी बालचित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर, २००३ मध्ये, प्रदर्शित झाला.

भारत सरकारने १९९१ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.